बाभुळबनातला चकवा

सरका शेकोटीजवळ. अन् ऐका, मधात कोणी उठू नका.

देवमन होता आपल्या गावचा. धिप्पाड गडी! त्या दिवशी दिवसभर पऱ्हाटीत फवारा मारला त्यानं. कपाशी डोक्याएवढी, वारा उलटा, पाठीवरचा पंप गळका. सदरा वल्लाकच्च. अंधार पडला तसा घराकडे निघाला. कोणत्या वाटेनं? नाल्याच्या! बाभुळबनातल्या! तिथं चकवा राहते, सारं गाव जाणते.

चांदणं पडलं होतं टिपूर. पण देवमन नाल्यात उतरला अन् चांदणं इझलं! त्याच्या डोळ्यापुरतंच इझलं, बरं का. वाट दोऱ्याएवढी दिसे. "आला रे बाप्पा," तो मनात म्हणे, "चकवा आला!"

चालला, चालला, तर पुन्हा तीच बाभूळ. तीच! गार वारा सुटलेला, अन् हा घामानं निथळते. तोंडातून लाळ गळे, पुसली का पुन्हा गळे. पापणी आपोआप फडफडे. मंग दंडाचं मांस कातडीखाली वळवळलं, जशी अळी! पोटात पिळा पडला, भडभडून ओकला. छातीवर कोणी बसल्यावाणी दम कोंडला.

आता चकव्यावर उपाव काय? सांगा! कपडे उलटे घालायचे. त्यानंही तेच केलं. थरथरत्या हातानं सदरा काढला, उलटा केला, घातला. बाहेरची चिंब बाजू आता आंगाले! अन् पायच गेले, बाप्पा. बसला तो बसलाच.

इकडे त्याची बायको सुगंधा वाट पाहून पाहून निघाली, दिराले घेऊन. टॉर्च मारली, तर देवमन मातीत, तोंडाले फेस. दीर मागं सरला. "वहिनी, शिवू नको! धरलं त्याले. भगताले आणतो."

सुगंधा वाकली. नाकात भपकारा शिरला, सडक्या लसणावाणी. तिच्या माहेरचा एक गडी असाच गेला होता, हाच वास होता त्याच्या आंगाले.

"भगत नाही, भाऊजी. फवाऱ्याचं औषध भिनलं. गाडी आणा, पळा!"

हाताले प्लास्टिकची पन्नी गुंडाळून तिनं सदरा ओढून काढला, नाल्याच्या पाण्यानं आंग धुतलं, कुशीवर निजवलं. दवाखान्यात डॉक्टरनं डोळ्यात उजेड मारला. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी! रात्रभर सुईवर सुई. उशीर झाला असता तर संपलंच होतं.

पहाटे देवमननं पुरा दम घेतला. "चकवा गेला?"

"गेला," सुगंधा म्हणे. "तुमच्या आंगावरून सोलून काढला."

पुढं कितीक दिवस त्याच्या हातात चहाचा कप ठरत नव्हता.

लोक म्हणतात, बाभुळबनातून रात्री जाऊ नका. मी म्हणतो, जा खुशाल! पण फवारा मारून, आंग न धुता, तोच सदरा घालून कोणत्याच वाटेनं जाऊ नका. घरच्याही नाही. दारात लेकरू धावत येते अन् मिठी मारते.