अप्पांसाठी तिसरा मॉनिटर

ताई : वायर बरोबर बसलीय. तरी ‘सिग्नल नाही’ म्हणतोय.

बंड्या : लावलीस कुठे?

ताई : मागे. एक जागा रिकामी होती, तिथे.

बंड्या : टॉर्च धर. अगं, ही वरची जागा मदरबोर्डची. ग्राफिक्स कार्ड असलं की ही बहुतेक बंदच असते. तुझे दोन्ही मॉनिटर खाली, कार्डातच आहेत. तिसराही तिथेच जायला हवा.

ताई : तिथे ही पिन बसत नाही.

बंड्या : कशी बसेल? या आकाराची जागा कार्डावर एकच, ती भरलीय. उरलेल्या वेगळ्या. एक कोपरा छाटलाय, बघ. कन्व्हर्टर लागेल. आणलाय मी. पण काय गं, लिफ्टचे नकाशे काढायला दोन मॉनिटर कमी पडतात?

ताई : पुरतात. हा अप्पांसाठी.

बंड्या : अप्पा काय बघणार यावर?

ताई : ते नाही, मी बघणार. त्यांच्या खोलीत कॅमेरा लावलाय. कपाटावर.

बंड्या : ताई, अप्पा भिंतीपलीकडे आहेत.

ताई : परवाही भिंतीपलीकडेच होते. मी ऑफिसच्या कॉलवर होते, कानांत हेडफोन. पेट्रोलपंपावरच्या माणसाने त्यांना घरी आणून सोडलं. अंगात नुसती बनियन. एकाच पायात चप्पल.

बंड्या : आणि हे मला आत्ता सांगतेस?

ताई : सांगून काय? तू तुझी तीच टेप लावली असतीस.

बंड्या : लावणारच! अगं, अप्पांसाठी बघितलेली ती संस्था चांगली आहे. मी स्वतः जाऊन आलोय. रात्रंदिवस नर्स असते. तू एकटी किती दिवस ओढणार? आरशात बघ एकदा. ओळखू येत नाहीस.

ताई : कन्व्हर्टर बसला का?

बंड्या : मी काय बोलतोय, तू काय विचारतेस!

ताई : ऐकलं. संस्था चांगली आहे. बसला का?

बंड्या : बसला. हा बघ, चालू झाला. पण मधल्या मॉनिटरवरचंच दाखवतोय. सेटिंगमध्ये जा, डिस्प्ले. तीन चौकोन दिसतायत? तिसरा निवड आणि ‘एक्स्टेंड’ कर.

ताई : केलं. माउस भलतीकडूनच बाहेर पडतोय.

बंड्या : मॉनिटर डावीकडे ठेवलायस आणि चौकोन उजवीकडे आहे. ओढून डावीकडे ने. हां, अस्सं. आता लाव तुझा कॅमेरा.

ताई : लावला.

बंड्या : बापरे, उशीच्या सुरकुत्यासुद्धा दिसतायत. अप्पा उठून बसलेत. कोणाशी बोलतायत?

ताई : बोलत नाहीयेत. हाक मारतायत.

बंड्या : तुला?

ताई : आईला.

बंड्या : अगं, पण आई...

ताई : मला माहितीये, बंड्या. त्यांना नाही.

बंड्या : मग तू काय सांगतेस?

ताई : आधी मी खरं सांगायची. मग ते रडायचे. दर वेळी, आत्ताच कळल्यासारखे. शेवटी सोडून दिलं. आता सांगते, बाजारात गेलीय, येईल.

बंड्या : पटतं त्यांना?

ताई : पटतं. ‘एवढ्या उन्हात कशाला गेली’ म्हणून माझ्यावर चिडतात. मग झोपतात.

बंड्या : आणि तुला काही होत नाही?

ताई : व्हायचं.

बंड्या : आवाज का बंद ठेवलायस? मला ऐकू दे.

ताई : खाली स्पीकरचं चित्र आहे, ते दाब.

(बंड्या आवाज सुरू करतो. आईचं नाव आधी भिंतीतून ऐकू येतं, मग क्षणभराने स्पीकरमधून. पुन्हा भिंतीतून, पुन्हा स्पीकरमधून.)

बंड्या : ताई...

ताई : हं.

बंड्या : आईला अशी हाक मारताना मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. आपल्यासमोर नुसतं ‘अगं’ म्हणायचे.

ताई : त्या संस्थेत विचारून ठेव, कधी आणू म्हणून.

बंड्या : राहू दे गं. त्याचं नंतर बघू.

ताई : नंतर नको. आजच विचार.

बंड्या : मी जरा आत जाऊन बसतो. ओळखतील मला?

ताई : कदाचित. कधी गॅसवाला समजतात. तसं झालं तर तू गॅसवाला हो.

बंड्या : तू येतेस?

ताई : माझा कॉल सुरू होतोय. जाताना तो आवाज तेवढा बंद कर.