लखमाभाऊच्या वाट्याची दाळ

तुमी हसान, पण मले त्या गोष्टीची अजून लाज वाटते. तवा मी दवाखान्यातून गरीब रोग्यांच्या घरी अर्ध्या भावाची मुगाची दाळ पोचवत होतो. नुसत्या पेजेवर राहून अंग सुजलं, का डॉक्टर गोळी देत नसत, आठवड्याची पावशेर दाळ देत. तेच औषध.

जंगलातल्या एका गावी सोमाबाईच्या नवऱ्याची, लखमाभाऊची, सूज काही उतरेना. मी कावड घेऊन गेलो का सोमाबाई म्हणे, "दारी आलेला माणूस उपाशी जात नाई," आन मले जेवाले बसवे.

एक दिवस जेवता जेवता मी तिले बोललो, "बाई, मी एवढ्या लांबून दाळ आणून राह्यलो. रोग्याच्या तोंडी काऊन जात नाई? कोण खाते?"

सोमाबाईनं मान खाली घातली. लखमाभाऊ खाटेवरून हसले. "तिले नका रागवू, भाऊ. पाहुण्याले पेज कशी वाढावी?"

मी ताटाकडं पाहिलं. दाळ मी दुसऱ्यांदा मागून घेतली होती.