कान चांगले आहेत

गुलमंडीजवळच्या कानाच्या दवाखान्यात वामनराव नंबराची वाट पाहत, मांडीवर पुस्तक उघडून बसले होते. तपासणी आटोपून बाहेर आलेलं सोयगावचं एक वयस्क जोडपं त्यांच्या शेजारी टेकलं. बाई नवऱ्याला म्हणाल्या,

“कान चांगले हायेत म्हणं तुमचे. मशीन नको म्हणल्या डॉक्टरीणबाई.”

“व्हय.”

“आता मी हळू बोलले, तरी ऐकू आलं?”

“आलं.”

“मग दोन वर्षं मी घसा ताणून बोलतेय, ते?”

“तू लई बोलतीस, आशा. मला पहिल्यापासून शांत लागतं.”

“म्हणून बहिरे झालात? अन् मला वाटायचं, आपण बोलायचं सोडलं तर हा माणूस पार एकटा पडंल.”

“भांडण नको होतं मला.”

“माझ्या गाठीचा रिपोर्ट आला, तवा तुमच्या पाठीमागं बसून रडले. हाका मारल्या. तेबी ऐकू आलं?”

शेजारी वामनरावांनी न वाचताच पान उलटलं.

“आलं.”

“मग वळला का नाय?”

“वळलो असतो तर तुला कळलं असतं.”

बाईंनी तपासणीचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. नवऱ्यानं विचारलं, “एसटी कितीची हाय?”

उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं.