दोन स्पीकरच्या मध्ये

भावेश : मामी, कडेला नको बसू. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलं तरच खरा आवाज येतो. मामा, तुम्हीपण या.

गोदू : एवढाली कपाटं आनलीस, त्यातनं नुसती गानीच येनार?

भावेश : आख्ख्या अंजूर गावात कोणाकडे असली सिस्टीम नाय. पहिल्यांदा तुम्हा दोघांनाच ऐकवायची, म्हणून कोनगावावरनं बोलावून घेतलं.

सावळाराम : लाव. ऐकतो.

गोदू : हे ऐकनार? कारखाना बंद पडल्यापास्नं माझ्याशी धड बोलत न्हाईत. इचारलं तर उत्तर न्हाय. मी काय वाकडं केलं, देवाला ठावं.

भावेश : आज राहू दे ना मामी. आपल्या मृणालीच्या लग्नात हळदीला तू गायलीस, ते शूटिंगवाल्याकडून आणलंय. ऐक.

(गाणं सुरू होतं. बाईचा एकटा आवाज, साथीला काही नाही.)

गोदू : ही मी हाय?

भावेश : तूच.

गोदू : दम घेतलेलापन ऐकू येतो रं. बांगड्यासुदा. माझा आवाज असा हाय, मना ठावंच नव्हतं. अवो, कसं वाटतं?

सावळाराम : ब्येस. ढोल झकास वाजतोय.

भावेश : मामा, ढोल नाय यात. मामी एकटीच गातेय.

सावळाराम : जरा मोठा कर.

भावेश : केला.

सावळाराम : आजून.

गोदू : बस कर भावेश, खिडकीच्या काचा हलतायत.

भावेश : थांब, बंदच करतो. मामा. मामा. सावळाराममामा.

गोदू : त्यांच्या पाठीमागं उभा राहून कशाला हाका मारतोस? असंच करतात हे. मी शेगडीपाशी पाठमोरी बोलत असते, हे गप.

भावेश : मामी, ते रुसलेले नाहीत. त्यांना ऐकू येत नाय.

सावळाराम : काय बोलता दोगं?

गोदू : माझ्याकडं बघा. तुमाला ऐकू येत न्हाय?

सावळाराम : तोंड बघून कळतं. कारखान्यात लूमवर कापड विनताना सगले तसंच बोलायचे, त्या खडखडाटात दुसरं काय करनार. कारखाना बंद पडला, पन कानातली लूम चालूच रायली.

गोदू : मना का न्हाय सांगितलं?

सावळाराम : कल्यानला डॉक्टरला दाखवलं. कानाला मशीन लावून बघितली. तो बोलला, आतली नसच मेली. मग सांगून काय व्हनार होतं?

भावेश : मुंबईला नेतो तुम्हाला.

सावळाराम : तिथंपन जाऊन आलो रं. तेच बोलले.

गोदू : मी समजले, माझा कंटाळा आला तुमाला. म्हनून तोंड फिरवून ताट ठेवायची.

सावळाराम : तोंड फिरवायचीस, म्हनून काय बोलतेस ते कळायचं न्हाय.

भावेश : चहा टाकायला सांगू का?

सावळाराम : नको. तिचं गानं आर्धं रायलं. लाव परत, तिला ऐकू दे.

भावेश : लावू, मामी?

गोदू : नको. एकटीनं काय ऐकू.

सावळाराम : कशी गातेय ती?

गोदू : कोन, मी?

सावळाराम : हां.

गोदू : चांगली गायलेय. तुमाला आवडलं असतं.