डावा डोळा

मी जोह्याचा, बाप भातशेती करायचा, माजी शाळा चौथीतच सुटली आनि गणपतीच्या कारखान्यात माती मळायला लागलो, ती अजून मळतोय. बायको कासूची, सुमन तिचं नाव. काय सांगू तुमाला, लगीन होऊन आली तवा ब्रश कसा धरायचा ठाऊक नव्हतं तिला, आनि पुढं मूर्तींच्या डोळ्यांची आखणी आमच्याकडं तीच करायची, दुसरं कोन नाय. डोळे आखताना मी बोललो तर म्हनायची, गप बसा ओ, देव तिरळा व्हईल.

गेल्या श्रावणात एका मूर्तीचा उजवा डोळा आखला आनि म्हनाली, जरा पाठ टेकते, मंग डावा करते. उठलीच नाय.

ती मूर्ती मी माळ्यावर ठेवली, फडकं टाकून. अर्धी मूर्ती घरात ठेवू नये, ठाऊक हाय मला, पन डावा तिचा राह्यलाय, तो दुसऱ्यानं का करायचा? सकाळी चहा घेऊन वर जायचो, फडकं काढायचो, बोलायचो तिच्याशी. कोनाला पत्ता नव्हता.

जेवन सुटलं माजं. पोरगा रोह्याला कंपनीत, तो मला पेनला एका बाईंकडं घेऊन गेला, घरातलं मानूस गेलं की मागं राहनाऱ्यांशी बोलायचं शिक्षन झालंय म्हनं त्यांचं. बाई गोड बोलायच्या. काका, म्हनाल्या, इथलं इथंच राहील, मुलालासुद्धा सांगनार नाय. मंग मी सांगितलं, मूर्तीचं सांगितलं. रडलो, आनि घरी येऊन पोटभर भात खाल्ला, खोटं नाय बोलत.

दिवाळीला पोरानं रोह्याला नेलं. परत आलो, वर गेलो, फडकं काढलं तर दोन्ही डोळे. पोरानं मागं कारागीर पाठवून डावा करून घेतलेला. पोराला इचारलं, कोन बोललं रे तुला? तर बाईंनीच फोन केला म्हनाला, बाबा त्या मूर्तीत अडकलेत, ती पुरी झाली की सुटतील. पोराला काय बोलनार, त्याला वाटलं बाप जगंल.

बाईंकडं गेलो. काका, तुमच्या भल्यासाठीच केलं, म्हनाल्या. मी म्हनलं, भलं ठेवा बाजूला, तुमी कबूल काय केलं होतं? मला एकदा इचारायचं तरी.

डोळा चांगला झालाय हो, कारागिराची चूक नाय. पुरी झालेली मूर्ती कशाला ठेवायची, माघी गणपतीत खाडीत सोडली.

बाईंचं बरं होवो, अजून किती मानसं त्यांच्यासमोर बसायचीत. तुमी लिहिताय, लिहा. फकस्त माळ्यावर सुमनशी काय बोलायचो ते इचारू नका. ते बाईंनाबी सांगितलं नव्हतं, तेवढं राह्यलंय माज्याकडं.