डाव्या कडेचा उजेड

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या महाविद्यालयाचे सन्माननीय प्राचार्य सर, व्यासपीठावर बसलेल्या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडम, एके काळी ज्यांच्या हातून मी कितीतरी बीकर फुटताना पाहिले आणि आज जे प्रमुख पाहुणे म्हणून आलेत ते आपले माजी विद्यार्थी, कार्यालयातली माझी सोबतीची मंडळी, पहिल्या रांगेत बसलेली माझी बायको, आणि समोर बसलेल्या व मागे दाराशी उभ्या असलेल्या सगळ्या मुलामुलींनो,

तुम्हा सर्वांना माझा नमस्कार. दाराशी उभे आहेत त्यांनी माइकच्या वायरवर पाय देऊ नये. दिला तर काही होत नाही असं सगळे म्हणतात, पण होतं.

मला भाषणाची सवय नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत. चौतीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर म्हणून काम केलं, पण माझं बोलणं म्हणजे ‘चष्मा लावा’, ‘नळ बंद करा’ आणि ‘तोंडानं ओढू नका, पिपेटला रबरी फुगा लावा’ एवढंच. आज सत्काराला उत्तर म्हणून दोन शब्द बोला असं मॅडमनी सांगितलं, तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. कागदावर लिहून आणलं आहे. कागद जर्नलचा आहे, पण कोरा होता, कोणाचा फाडलेला नाही.

सगळ्यांनी माझ्याबद्दल फार चांगलं सांगितलं. पाहुण्यांनी तर माझी नक्कलही केली. चांगली केली. मी खरंच दर दहा मिनिटांनी गॅसच्या खटक्याकडे बघतो का हो? बघत असेन. आमची ही म्हणते, “तुम्हाला कपाटात बसवलं तरी बाहेरून कडी नीट लागली का, हे बघायला तुम्ही बाहेर याल.” हसू नका, तिला आणखी चेव येतो.

पण मॅडम, तुम्ही आत्ता म्हणालात, ‘मामांच्या हातून चौतीस वर्षांत एक चूक झाली नाही.’ ते वाक्य बरोबर नाही. आणि त्याच्या पाठोपाठ तुम्ही सगळ्यांनी मिळून मला हा फोटो दिलात. चौकटीत बसवलेला, माझाच. हा टेबलावर उभा केलाय तो. सगळ्यांना दिसतोय ना? मी प्रयोगशाळेच्या दारात उभा आहे, हातात किल्ल्यांचा जुडगा आहे, तोंडावर नेहमीची काळजी आहे. आणि डावीकडून पांढरा उजेड आलाय, असा, धुरासारखा, आणि त्यानं माझा खांदा आणि अर्धा दरवाजा खाऊन टाकलाय. आत्ता पाहुणे म्हणाले, “काय उजेड पकडलाय!” प्रदर्शनात या फोटोला पहिला नंबर मिळाला, तेव्हा परीक्षकही हेच म्हणाले होते.

त्या उजेडाबद्दल मला सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय मला हा फोटो घरी नेता येणार नाही.

हा फोटो जिनं काढला तिला तुम्ही सगळे टेपताई म्हणता. तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसली आहे. ती पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिला हे नाव नव्हतं. पहिल्याच आठवड्यात प्रॅक्टिकल संपल्यावर ती माझ्यापाशी आली. हातात एक जड कॅमेरा, कातडी पिशवीतला. आजोबांचा. बाकीची मुलं मोबाइलवर दिवसाला दोनशे फोटो काढतात, हिच्या कॅमेऱ्यात रोल घालावा लागायचा आणि एका रोलवर छत्तीस फोटो निघायचे.

मला म्हणाली, “मामा, हा तुमच्या कपाटात ठेवाल? वसतिगृहाच्या भिंतीला ओल आहे. काचेला बुरशी लागली तर संपलंच.”

मी म्हटलं, “ठेवतो. पण काही झालं तर?”

“कुलूप आहे ना?”

“दोन आहेत.”

“मग काय व्हायचंय?”

काय व्हायचंय! मुलांचा असा विश्वास बघितला की मी कुलूप परत ओढून बघतो.

तेव्हापासून ही मुलगी दुपारी कॅमेरा घेऊन जायची आणि अंधार पडायच्या आत परत आणून द्यायची. काय काढायची? तर सायकलींच्या रांगेची सावली. वाचनालयात डुलक्या घेणाऱ्यांच्या पाठी. परीक्षेच्या खोलीबाहेर झोपलेलं कुत्रं. सूचनाफलकावरच्या नुसत्या टाचण्या, कागद काढून नेल्यावर उरलेल्या. कार्यालयातल्या मोठ्या बाईंनी तिला लेखी परवानगी घ्यायला सांगितली होती. त्या इथेच आहेत, त्यांना विचारा. तिनं अर्ज लिहून दिला, ‘विषय: टाचण्यांचा फोटो काढण्याबाबत.’ तो अर्ज मंजूर झाला, पण तोवर टाचण्यांवर नवे कागद लागले होते.

मी एकदा विचारलं, “कोणाचा वाढदिवस नाही, पाहुणे नाहीत, काही नाही, मग कसले फोटो काढतेस एवढे?” तर म्हणाली, “काही नसतं तेव्हाच नीट बघता येतं, मामा.” मला ते तेव्हा पटलं नाही.

त्यातच एकदा मी दाराला कुलूप लावत होतो. मागून आवाज आला, “मामा, हलू नका.”

“हलत नाहीये. गॅस बंद केला का ते आठवतोय.”

“मग तसंच आठवत राहा.”

आणि खट्‌ झालं. तो हा फोटो. गॅस बंद होता, मी नंतर आत जाऊन बघितलं.

पुढे त्याच रोलवर तिनं माळीदादांचे फोटो काढले. नव्या मुलांना माहीत नसतील म्हणून सांगतो, आपल्या मैदानाच्या कडेची सगळी झाडं माळीदादांनी लावलेली. ते काम सोडून लेकीकडे कायमचे राहायला निघाले होते. शेवटचे तीन दिवस ही मुलगी सकाळी त्यांच्या मागे मागे फिरली. एकवीस फोटो. माळीदादा तिला म्हणाले होते, “त्यातला एक मला पाठव हं. लेकीला दाखवीन. बाप एवढी वर्षं घर सोडून कुठे होता, ते तिला बघू दे तरी.” रोलमधले पाच फोटो उरले होते, म्हणून कॅमेरा तसाच माझ्या कपाटात आला.

आता माझ्या कामाची एक पद्धत सांगतो. काचेची बुचं असलेल्या बाटल्या नुसत्या ठेवून चालत नाहीत. बूच आठवड्यातून एकदा फिरवलं नाही तर ते बसतं, मग बाटली फोडावी लागते. म्हणून दर शनिवारी मी कपाटं उघडतो, एकेक बूच काढतो, आत बघतो, पुसतो आणि परत बसवतो. चौतीस वर्षांत एक शनिवार चुकला नाही. आमच्या घरातल्या बरण्याही यातून सुटत नाहीत.

त्या शनिवारी बुचं फिरवत मी खालच्या कप्प्यापर्यंत आलो. कॅमेऱ्याशेजारी मी वाटीत निळे खडे ठेवले होते. ओल शोषून घेतात ते. ओल धरली की निळ्याचे गुलाबी होतात. बघतो तर वाटी गुलाबी! मुलीनं विश्वासानं ठेवलेली वस्तू, आजोबांची आठवण, आणि माझ्या कपाटात ओल? कॅमेऱ्यात बुरशी गेली असेल तर? तिला रोल घालताना मी बघितलं होतं. डावीकडची बारकी गुंडी वर ओढली की मागचं झाकण उघडतं. मी ती ओढली.

उजेड दाखवायचा नाही हे तिनं मला सांगितलेलं होतं. खोटं कशाला बोलू? पण मला वाटलं, उजेड म्हणजे ऊन. डोक्यावर जुनी ट्यूब होती, तीही मिणमिणती. तिच्या उजेडात आमची बाटल्यांवरची नावं दिसत नाहीत, तर रोलला काय दिसणार! मी आत डोकावलो. बुरशी नव्हती. सगळं कोरडं, स्वच्छ. मला इतकं बरं वाटलं! झाकण लावलं, खडे बदलले आणि त्या रात्री शांत झोपलो.

सोमवारी तिनं उरलेले फोटो काढले आणि मॅडमच्या परवानगीनं मागच्या तराजूच्या खोलीत, खिडकीला काळा कागद लावून, रोल धुतला. पावडरी मीच तोलून दिल्या होत्या. बाहेर आली ती पट्टी हातात धरून. सुरुवातीचे नऊ फोटो नीट होते, कारण ते गुंडाळीत खोल आत होते. दहावा अर्धा. हाच तो, माझा. त्याच्यापुढचे माळीदादांचे सगळे एकवीस कोळशासारखे काळे. कागदावर उतरवले असते तर नुसते पांढरे आले असते. झाकण उघडलं तेव्हा रोलच्या बंद डबीतच असलेले शेवटचे पाच तेवढे ठणठणीत, पण त्यात होत्या परत सायकलीच.

ती म्हणाली, “मामा, झाकण नीट बसलं नसणार. मीच घाईत लावलं असेन.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात घंटा झाली आणि पुढच्या तुकडीची मुलं आत घुसली. घंटेमुळे राहिलं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. पण घंटा एकदाच झाली होती, आणि त्यानंतर अडीच वर्षं गेली.

तिनं माझ्यासमोरच माळीदादांना फोन लावला. “दादा, माझ्या हातून रोल खराब झाला.” ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून तिनं कॅमेरा माझ्या कपाटात ठेवला आणि म्हणाली, “राहू दे इथेच. माझा हातच यातला नाही.”

चार महिने तो कॅमेरा तिथे होता. मी शनिवारी सगळी बुचं फिरवायचो आणि त्या कप्प्याकडे बघायचो नाही. आमच्या हिला वाटलं मला काही दुखतंय, ती डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले काही नाही. मी तरी त्यांना काय सांगणार होतो?

शेवटी मी थाप मारली. ऑफिसच्या कागदांना माझा फोटो लागतोय, आणि बाहेर काढला तर मी चोरासारखा दिसतो, तूच काढ, असं म्हटलं. फोटो कशालाच नको होता, मोठ्या बाई, माफ करा. तिनं कॅमेरा बाहेर काढला. झाकण तीनदा दाबून बघितलं, वर काळी टेप चिकटवली आणि मग माझ्याकडे वळली. तेव्हापासून टेप सुटली नाही आणि तुम्ही तिचं नाव टेपताई ठेवलंत. तुम्ही त्या नावावर हसता तेव्हा मी बीकर मोजत असतो. बीकर तेवढेच असतात.

आपल्या फोटो मंडळात नवी मुलं आली की ही पहिल्या दिवशी तीच गोष्ट सांगते. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे एका माणसाचे एकवीस फोटो गेले.’ मी दाराशी किल्ल्या घेऊन उभा असतो, आणि दोन वर्षं ती गोष्ट ऐकतोय.

बोललो नसतो आजही, कदाचित. पण गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. फोटोग्राफी शिकवणाऱ्या एका मोठ्या संस्थेचा अर्ज तिच्या हातात होता. सोमवार शेवटची तारीख. म्हणाली, “मामा, भरू का? ज्या मुलीला पहिला रोल सांभाळता आला नाही, तिनं लोकांचे फोटो काढायची जबाबदारी घ्यावी का?” मी म्हटलं, “विचार कर.” विचार कर!

आणि परवा तुम्ही लोकांनी हा फोटो कागदात गुंडाळून, मला कळू नये म्हणून, माझ्याच सामानाच्या खोलीत लपवून ठेवलात. मी तो उघडून बघितला. आता तुम्हाला माझी सवय माहीत झालीच आहे. बघितला आणि खाली स्टुलावर बसलो. घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, “तर मग आधी तिथे बोला. नाहीतर हा फोटो माझ्या भिंतीला लागणार नाही.”

मी माळीदादांनाही फोन केला. त्यांना आधी सांगायला हवं होतं, नुकसान त्यांचंही होतं. ते बराच वेळ हसले. म्हणाले, “अहो, मी मेलोय का? पोरीला म्हणावं ये इकडे. लेकीच्या दारात सहा कुंड्या केल्यात, त्यांच्यासोबत काढ.” पत्ता लिहून घेतलाय. हा बघा, या घडी केलेल्या कागदावर आहे.

तेव्हा पोरी, ऐक. झाकण तू नीट लावलं होतंस. अगदी घट्ट होतं, मला ओढायला जोर लागला होता. तुझा हात पहिल्या दिवसापासून चांगला होता. चूक माझ्या हाताची होती आणि ती झाकून ठेवली तीही मीच. ती गोष्ट आता नव्या मुलांना सांगशील तेव्हा बरोबर सांग. माझ्या नावानं सांग. आणि अर्ज सोमवारी नको, उद्याच टाक. पोस्टाचं काही सांगता येत नाही.

प्राचार्य सर, यावर काही कारवाई करायची असेल तर साडेपाचच्या आत करावी लागेल, त्यानंतर मी नोकरीत नाही.

फोटो मी इथे टेबलावरच ठेवतो. आता सगळं कळल्यावर तिला द्यावासा वाटला तरच नेईन.

एवढं बोलून थांबतो. अध्यक्षांचा, पाहुण्यांचा, मॅडमचा आणि चहाची सोय करणाऱ्या सगळ्यांचा मी आभारी आहे. इथे माइकवर येणारा प्रत्येकजण शेवटी म्हणतो, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. मी दाराशी उभा राहून ते शेकडो वेळा ऐकलंय, आणि कोणीही काय चुकलं ते सांगत नाही. माझं काय चुकलं ते मी सांगितलं. तेवढं पोटात घाला.

...कोण? तू कशाला वर आलीस? पायऱ्या बघ, मधली हलते. आणि हे काय, चौकट माझ्या हातात का देतेस? ...बरं. बरं, धरतो.

आता कॅमेरा कशाला काढलास? आत्ता? इथे? डोळे पुसू तरी दे मला. आणि थांब, टेप का काढतेस? अगं, राहू दे ना ती, काय बिघडतंय? ...नको आता म्हणतेस? बरं बाई.

हा मी उभा राहिलो. दोन्ही हातांनी फोटो धरलाय, सगळ्यांना दिसतायत ना माझे हात? हं, काढ.