तिसऱ्या पायरीला सुट्टी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या संस्थेचे आधारस्तंभ श्रीयुत गुरुदत्त नाईक साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, माझे शिक्षक सहकारी, पालकवर्ग, विद्यार्थी मित्रहो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या हेमांगी कर्णिक बाई, मुख्याध्यापक या नात्याने सर्वांना माझा नमस्कार.

बाईंविषयी चार शब्द बोला, असं मला सांगितलंय. बाई चार शब्दांत मावायच्या नाहीत, आणि माईक हातात आला की मी चारावर थांबत नाही, हे आपण जाणताच.

बाई कळव्याहून इथे कोपरला आल्या तेव्हा मागे पडणाऱ्या मुलासाठी आमच्याकडे एकच औषध होतं, शेवटचा बाक. बाईंनी तीन पायऱ्या आखल्या. पहिली वर्गातच, सगळ्यांसाठी. एकच धडा दोन-तीन तऱ्हांनी शिकवायचा. तरीही ज्याला जमत नाही त्याच्यासाठी दुसरी, पाच-सहा मुलांचा गट. आणि ज्याचं वाचनच अडतं, ज्याला राग आवरत नाही, त्याच्यासाठी तिसरी. एक मूल आणि समोर बाई. अडचण जेवढी मोठी, तेवढा बाईंचा वेळ जास्त. आणि आम्ही काय केलं? स्टाफरूममध्ये 'तिसरी पायरी' हे त्या मुलांचंच नाव करून टाकलं. "आज तिसरी पायरी फार त्रास देतेय हो," असं चहा पिता पिता म्हणायचो. बाई दर वेळी म्हणायच्या, "सर, पायरी माझी आहे. मुलांना नावं आहेत."

आता आजचं सांगतो. सांगायला लाज वाटते, पण ते पोटात ठेवून पुढे गोड बोलणं मला जमेना. पाहुणे येणार, कार्यक्रम शिस्तीत व्हायला हवा, म्हणून काल मी तिसऱ्या पायरीच्या पालकांना निरोप धाडला, उद्या तुमच्या मुलांना सुट्टी. मेहेरबानी केल्यासारखा धाडला. गेल्या स्नेहसंमेलनात माईक किंचाळला आणि सहावीतली समीक्षा कान दाबून त्याहून मोठ्यांदा किंचाळली होती, ते माझ्या डोक्यात.

तर आज सकाळी समीक्षाच गेटवर हजर. नवा फ्रॉक घालून. सोबत वडील, देवरामभाऊ, शहाडच्या कामावर रजा टाकून आलेले. मी म्हटलं, "अगं, तुला आज सुट्टी आहे ना?" ती म्हणाली, "पण सर, बाई आजच जाणार आहेत ना?" यावर मुख्याध्यापकाने काय म्हणावं? मी म्हटलं, "देवरामभाऊ, घेऊन जा तिला." ते "बरं सर" म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं.

मघाशी बाईंनी विचारलं, "माझी मुलं कुठं बसलीयत?" मी म्हटलं, सुट्टी दिलीय. "सगळ्यांना?" एवढंच म्हणाल्या आणि इथे येऊन बसल्या. तेव्हापासून त्या समोरच्या खुर्च्यांकडे बघतायत, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाहीये.

अध्यक्ष महोदय, ही शाल मी आत्ता बाईंना घालणार नाही. या खिडकीतून गेट दिसतं. ते दोघं अजून तिथेच उभे आहेत. कार्यक्रम थोडा वेळ थांबवावा, अशी विनंती आहे. बाकीच्या मुलांच्या घरी फोन लावायला सांगतो, बहुतेक जवळपासच राहतात. समीक्षा किंचाळली तर किंचाळू दे, आपण माईक बंद करू.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने मोठ्या मनाने घ्यावं. माझ्या सकाळच्या वागण्याची माफी मात्र इथून मागता येणार नाही, त्यासाठी मी खाली गेटवर जातोय. बाई, तुम्ही उठू नका. तुम्ही सोबत असलात तर ती मला लगेच माफ करून टाकेल.